एका खोलीतली खेळणी

माझ्या पर्समध्ये कॅमेऱ्याच्या रोलची एक काळी डबी असते, करड्या झाकणाची. रोल गेले, रोल धुऊन देणारी दुकानं गेली, डबी तेवढी राहिली. पौष पौर्णिमेला प्रभादेवीची जत्रा लागली की ती घेऊन मी देवळापासून निघते आणि खेळण्यांच्या एकेका गाडीपाशी थांबते. बाहुलीचा बूट, मोटारीचं चाक, पिपाणीतली शिट्टी, भिरभिऱ्याच्या टोकाचा मणी, जे जे सुटं होईलसं वाटतं ते डबीत घालून बघते. मावलं की परत ठेवते, आणि पोराला कडेवर घेऊन शेजारी उभ्या असलेल्या बाईलाही दोन शब्द सांगते. गाडीवाले आता मला ओळखतात. ‘आल्या डबीवाल्या बाई,’ म्हणून एकमेकांना खुणावतात. एकाने तर विचारलं, ‘मावशी, धंद्याला नजर लावायची डबी आहे का ही?’ मला हसू आलं, पण त्याचं अगदीच चुकलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्याची चार-पाच गिऱ्हाइकं माझ्यामुळे गेली होती.

डबीमागे शास्त्र आहे. खेळणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत एक लहानसं नळकांडं असतं. त्याचा व्यास 31.7 मिलिमीटर. तळ तिरका, त्यामुळे खोली एका बाजूला 25.4 आणि दुसऱ्या बाजूला 57.1 मिलिमीटर. तीन वर्षांखालच्या मुलासाठी केलेलं खेळणं किंवा त्याचा निघालेला तुकडा कसाही वळवून, न दाबता, त्यात पूर्ण मावला तर ते खेळणं नापास. लहान मुलाच्या घशाचा हा ढोबळ साचा म्हणा. माझी डबी त्याहून किंचित अरुंद आहे. म्हणून तिच्यात जे मावतं ते नक्की धोक्याचं. न मावलेलं मात्र निर्धोक, असं म्हणता येत नाही. डबी नसलेल्यांना मी कॅरमची सोंगटी दाखवते. सोंगटीचा व्यास खेळाच्या नियमाप्रमाणे 3.02 ते 3.18 सेंटिमीटर असतो. प्रयोगशाळेतलं माप आमच्या प्रत्येक मजल्यावर, पावडर लागलेलं, आयतं पडलेलं आहे! चेंडूचा हिशेब वेगळा. गोल वस्तू घशात चपखल बसते, हवेला फटच उरत नाही, म्हणून चेंडूसाठी माप मोठं, 44.5 मिलिमीटरचं. टेबल टेनिसचा चेंडू 40 मिलिमीटरचा असतो. म्हणजे तोही नापास. हे सांगितलं की आया माझ्याकडे संशयाने बघतात. मीही पहिल्यांदा असंच बघितलं होतं.

हे माप मला फार उशिरा कळलं. त्याआधी मला एक शिट्टी माहीत होती.

मी नऊ वर्षांची असताना याच जत्रेतून वडिलांनी मला पिपाणी घेऊन दिली. आमची खोली दहा बाय बाराची. वडील गिरणीत बदली कामगार, आई, आजी, गावाहून कामाच्या शोधात आलेला काका आणि आम्ही चार भावंडं. पिपाणीचा कागद दोन दिवसांत फाटला आणि आतली छोटी शिट्टी सुटी झाली. ती टाकून द्यावी असं कुणाच्या मनात आलं नाही, कारण ती अजून वाजत होती. तिसऱ्या दिवशी माझा दीड वर्षाचा भाऊ खोकून रडायला लागला आणि त्याच्या प्रत्येक हुंदक्याबरोबर शिट्टी वाजू लागली. चाळीतली पोरं दारात जमून हसत होती. आईसुद्धा आधी हसली. तोंड उघडून बघितलं तर तोंडात काही नाही. आजीने त्याच्या छातीला कान लावला आणि ती मटकन खाली बसली. काका त्याला खांद्यावर टाकून परळच्या हॉस्पिटलात पळाला. तिथे डॉक्टरांनी नळी घालून शिट्टी काढली, कागदाच्या पुडीत बांधून वडिलांच्या हातात दिली. ती पुडी पुढे कितीतरी वर्षं आमच्या देव्हाऱ्यामागे होती. भाऊ आज आजोबा आहे आणि ही गोष्ट तो माझ्यापेक्षा जास्त रंगवून सांगतो.

शिट्टीत काहीही दोष नव्हता. नऊ वर्षांच्या मुलीला ती पिपाणी अगदी साजेशी होती. पण ती ज्या जमिनीवर पडली ती जमीन दीड वर्षाच्या मुलाचीही होती. आमच्याकडे जमीन एकच होती.

ही पुस्तिका हातात घेणाऱ्याने आधी एवढी एकच गोष्ट ध्यानात घ्यावी, म्हणून मी ती इतकी लांबण लावून सांगितली. खेळण्याच्या खोक्यावर ‘3 वर्षांवरील मुलांसाठी’ असं छापलेलं असतं. ते वाचून आपण आपल्या पाच वर्षांच्या मुलासाठी खेळणं घेतो आणि नियम पाळल्याचं समाधान मानतो. तो मजकूर ज्या घराला धरून लिहिलाय त्या घरात मुलाला स्वतःची खोली असते, खोलीला दार असतं आणि दाराला कडी असते. आपल्याकडे ताईचे दागिन्यांचे मणी, दादाच्या मोटारी, काकांचा कॅरम, आजीच्या गोळ्या आणि रांगणारं बाळ एकाच सतरंजीवर असतात. जुन्या चाळी पडून इमारती झाल्या, गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे आले, तरी खेळणी सतरंजीवरच पसरतात. सतरंजीचा गालिचा झाला इतकंच. म्हणून खेळणं ज्याच्यासाठी घेतलं त्याचं वय बघून भागत नाही. शेंडेफळाचं वय हेच घराचं वय. धाकटं जोवर तीन वर्षांचं होत नाही तोवर थोरल्याचं खेळणंही धाकट्याच्या मापाने मोजायचं, किंवा ते माळ्यावर, फळीवर, कडीच्या डब्यात राहील अशी सोय करायची. दादाने टेबलावर बसून खेळायचं, खाली नाही. दादाला हा अन्याय वाटतो आणि तो अन्याय आहेच. त्याची समजूत कशी काढायची याचं एक वेगळं प्रकरण आत आहे, ते दोन दादांच्या आयांनी लिहिलंय.

मूल चार महिन्यांचं झालं की हाताला लागेल ते तोंडात नेतं. त्याची ती वाईट सवय नव्हे, जग ओळखायची त्याची रीत आहे. नवव्या महिन्याच्या आसपास त्याला चिमूट जमते आणि मग आपल्याला झाडूनही न दिसणारी वस्तू ते बरोबर उचलतं. दाढा नाहीत, श्वासनलिका बारीक, खोकला दुबळा. म्हणून शेंगदाणा आणि फुटाणासुद्धा या वयात खेळण्यांच्या यादीत धरावा. डॉक्टरांना लहान मुलांच्या श्वासनलिकेतून शेंगदाणे फार वेळा काढावे लागतात. जत्रेत एका हातात खुळखुळा आणि दुसऱ्या हातात चण्याची पुडी घेतलेलं दोन वर्षांचं पोर दिसलं की मला आधी पुडीची भीती वाटते.

आता सरकारी शिक्क्याबद्दल. आमच्या लहानपणी खेळण्याला कायदा असतो हे कुणाला माहीतच नव्हतं, आणि खरंच तसा तो फारसा नव्हताही. जानेवारी 2009 मध्ये केंद्र सरकारने चिनी खेळण्यांच्या आयातीवर सहा महिन्यांची बंदी घातली. मार्चमध्येच ती सैल करून प्रमाणपत्राची अट घातली गेली. पुढे 2019 मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने आयात खेळण्यांचे नमुने तपासले तेव्हा त्यातले 66.9 टक्के नापास झाले. मग 2020 चा खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला आणि 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयचा शिक्का सक्तीचा झाला. साध्या खेळण्यांना आयएस 9873 हे मानक, विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्यांना आयएस 15644. पहिल्यात टोकं, कडा, सुटे भाग, पेट घेणं, रंगातले विषारी धातू, मऊ प्लास्टिकमधली थॅलेट्स ही सगळी प्रकरणं येतात. शिक्क्याच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ या अक्षरांपुढे परवान्याचा क्रमांक असतो. तो मोबाइलवरच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. नुसता शिक्का छापणं कुणालाही जमतं, म्हणून क्रमांक बघायचा. आणि बिनशिक्क्याचा माल फक्त फुटपाथवरच असतो असा समज असेल तर तो काढून टाकावा. जानेवारी 2023 मध्ये मानक ब्यूरोने देशभर छापे घालून साडेअठरा हजारांवर खेळणी जप्त केली, त्यात मॉलमधली आणि विमानतळावरची झगमगीत दुकानंही होती.

ही पुस्तिका लिहिणाऱ्या आमच्या गटातल्या एका आईचा नवरा दादरला रानडे रोडवर खेळणी विकतो. माल क्रॉफर्ड मार्केटच्या घाऊक गल्ल्यांतून डझनावारी येतो. ती म्हणाली, ‘बाई, शिक्क्याचं दाखवलं की गिऱ्हाईक भाव ऐकून पुढे जातं. तुम्ही त्यांना आधी सांगा, मग आम्हाला.’ तिचं म्हणणं रास्त आहे. या पुस्तिकेत म्हणूनच स्वस्त खेळण्यांना नाकं मुरडलेली नाहीत. पन्नास रुपयांत दहा वस्तू घेण्यापेक्षा पन्नास रुपयांची एक घ्यावी, एवढंच सुचवलंय. मोठा चेंडू, एकात एक बसणाऱ्या वाट्या, कापडी पुस्तक, जाड दोऱ्याने घट्ट शिवलेला ससा. दोन वर्षांच्या मुलाला याहून जास्त काही लागत नाही. स्वयंपाकघरातली झाकणं तर फुकटच असतात.

कोकणातल्या आमच्यासारख्यांच्या घरात लाकडी खेळणी येतात ती सावंतवाडीहून. मे महिन्यात गावाला गेलं की चितारआळीतून भातुकली, बैलगाडी, लाकडी आंबे-फणस-केळी घेऊन यायची. हलक्या पांगाऱ्याच्या लाकडाचं ते काम बघून अजूनही माझं पाऊल तिथे रेंगाळतं. पण जुनं ते सगळं निर्धोक, हा जो एक सूर हल्ली ऐकू येतो तो मला मान्य नाही. माझ्या बालपणीच्या पत्र्याच्या मोटारीच्या कडेने माझ्या तळहाताला दिलेली खूण अजून आहे. जुन्या तेलरंगांत शिसं सर्रास असायचं. पिवळा आणि शेंदरी जितका झळझळीत तितका जास्त संशयाचा. शिसं शरीरात साठतं, मेंदूवर परिणाम करतं आणि त्याची अमुक एक मात्रा चालेल असं डॉक्टर म्हणत नाहीत. घरगुती रंगांत शिशाला 90 पीपीएमची मर्यादा लागू झाली तीच मुळी 1 नोव्हेंबर 2017 पासून. तेव्हा आजीच्या पेटीतून निघालेला रंगीत घोडा शोकेसमध्ये ठेवावा, नातवाच्या तोंडात नको. हस्तकला आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूंना आयएसआयच्या सक्तीतून सूट आहे. चार-दोन माणसांच्या कारखान्याला प्रयोगशाळेचा खर्च झेपणार नाही, म्हणून ती सूट मला पटते. पण मग विचारायचं काम आपल्याकडे येतं. रंग कुठला लावलाय, लाखेचा की डब्यातला, हे कारागिराला विचारावं. चांगला कारागीर रागावत नाही, उलट दहा मिनिटं सांगत बसतो. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग निघतो का ते बघावं. निघाला तर घेऊ नये. न निघाला म्हणजे शिसं नाही असं मात्र नाही. शिसं डोळ्यांना दिसत नाही आणि घरच्या घरी ओळखायची खात्रीची युक्तीही नाही.

निसर्गातल्या वस्तूंचंही तसंच. मी बालवाडीची शिक्षिका. आमच्या शिक्षणाची मुळं जवळच आहेत. 1936 मध्ये ताराबाई मोडकांनी दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केलं आणि पुढे बोर्डी-कोसबादला अनुताई वाघांच्या साथीने दाखवून दिलं की माँटेसरीची महागडी साधनं नसली तरी शंख-शिंपले, बिया, पानं आणि खडे यांवर बालवाडी चालते. ते आजही खरं आहे. मात्र ताराबाईंच्या खोलीत एक बाई डोळ्यांत तेल घालून बसलेली असायची, हे विसरून आपण नुसत्या बिया उचलतो. चिंचोके आणि सागरगोटे डबीत सहज मावतात, तेव्हा धाकट्याच्या वाटेला ते नकोत. आणि गुंज! लाल टपोरी, डोक्यावर काळा ठिपका. गावाहून आलेल्या कितीतरी घरांत ती बाटलीत ठेवलेली असते, तिच्या माळा होतात, भातुकलीत ती डाळ म्हणून शिजते. तिच्या आत ॲब्रिन नावाचं जहाल विष आहे. अख्खी गिळली तर कठीण सालीमुळे बहुधा तशीच बाहेर पडते. चावली किंवा माळेसाठी भोक पाडलेली असली तर घात होतो. माझ्या बालवाडीच्या कपाटात गुंजांची बरणी अकरा वर्षं होती. मीच ठेवली होती. मोजायला छान म्हणून.

जत्रेतल्या वस्तू गेल्या पंधरा-वीस वर्षांत पार बदलल्या. पूर्वी अंधार पडला की गॅसबत्तीच्या उजेडात पत्र्याच्या बोटी पाण्यात पटपटत फिरायच्या. आता खेळणंच उजेड पाडतं. बोटात घालायचे दिवे, लुकलुकणारी शिंगं, फिरते भोवरे, सगळ्यांच्या पोटात शर्टाच्या बटणासारखा सेल. मला या पुस्तिकेतलं एकच पान वाचायची सक्ती करता आली तर मी हेच पान निवडेन. चपटा सेल, विशेषतः रिमोटमध्ये असतो तो 20 मिलिमीटरचा, तीन व्होल्टचा, अन्ननलिकेत अडकला की ओल्या मांसातून वीज वाहू लागते आणि सेलच्या एका बाजूला कॉस्टिक सोड्यासारखा क्षार तयार होतो. दोन तासांत भाजायला सुरुवात होते. मूल तेव्हा फक्त लाळ गाळत असतं, जेवायला नको म्हणत असतं. एक्स-रेमध्ये तो नाण्यासारखा दिसतो, पण नीट बघितलं तर कडेला दुहेरी वर्तुळ असतं. नाणं गिळलंय, शौचातून जाईल, केळं खायला घाला, हा आपला शेजारधर्माचा सल्ला इथे जीव घेऊ शकतो. शंका आली तरी थेट हॉस्पिटल गाठायचं, उलटी करवायची नाही. सेलचं झाकण स्क्रूनेच बंद होत असेल तरच ते खेळणं घरात आणायचं. आणि स्क्रू हरवला की चिकटपट्टी लावून वेळ मारून न्यायची नाही. आपण सगळे तेच करतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

लोहचुंबकाचे छोटे गोळे त्याच जातीचे. एक गिळला तर निभावतं. दोन वेगवेगळ्या वेळी गिळले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात आणि मधलं आतडं चिरडून भोक पडतं. पाण्यात टाकल्यावर फुगणारे रंगीत मणी, जे हल्ली फुलदाणीत आणि बाटलीत दिसतात, ते पोटातही फुगतात आणि एक्स-रेत बहुधा दिसतच नाहीत. गॅसच्या फुग्याबद्दल काय सांगावं. जत्रेतल्या पिंपात बहुतेकदा हायड्रोजन असतो आणि ठिणगी त्याला पुरते. पण साधा फुगासुद्धा फुटल्यावरच जास्त वाईट. फुटलेल्या फुग्याचा तुकडा तोंडात ओढून त्याचा टिचकीएवढा फुगा करायचा आणि मैत्रिणीच्या कपाळावर फट्कन फोडायचा, हा खेळ आम्ही सगळ्यांनी खेळलाय. तो तुकडा घशात गेला तर श्वासनलिकेवर झाकणासारखा बसतो. फुगा फुटला की तुकडे मोठ्या माणसाने वेचायचे. वाढदिवसाला हे काम कुणाचं, ते केक कापायच्या आधी ठरवावं.

पाळण्यावरच्या चिमणाळ्याला या पुस्तिकेत अर्धं पान मिळालंय, पांगुळगाड्याला एक. दीड वर्षाखालच्या मुलाच्या हाती पडणारी दोरी 22 सेंटिमीटरहून लांब नको, आणि मूल हातागुडघ्यांवर उभं राहू लागलं की चिमणाळं काढून टाकायचं. लाकडी पांगुळगाडा मूल उभं राहून ढकलतं, तो ठीक. प्लास्टिकचा, मधे बसवायचा गोल वॉकर मात्र चाळीच्या गॅलरीत जिन्याकडे क्षणात पोचतो. कॅनडाने 2004 मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली.

घेण्याबद्दल इतकं पुरे. निगा राखण्याबद्दल कुणी लिहीत नाही, आणि माझ्या अनुभवात अपघात बहुतेक जुन्या खेळण्यांनीच होतात. दुकानात पास झालेलं खेळणं घरात म्हातारं होतं. प्रभादेवीत ते जरा लवकर होतं, कारण समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. खाऱ्या वाऱ्याने स्प्रिंगा गंजतात, स्क्रू गंजून डोकी झिजतात, सेलच्या घरात पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमते. ती पूड म्हणजे सेलमधून झिरपलेला क्षार. मुलाच्या हाताला लागू द्यायचा नाही. गॅलरीत ऊन खात पडलेलं प्लास्टिक दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होतं आणि तुटलं की सुरीसारखी कड येते. जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीला ओल येते, तशी ती अस्वलाच्या पोटातही येते. बाहेरून कोरडं, आत कुबट. अंघोळीचं रबरी बदक दाबून बघा. पोटातून काळे कण आले तर आत बुरशी आहे. भोक बुजवायचे नाना उपाय आम्ही करून पाहिले. बदकच टाकावं.

तपासणीचा दिवस ठरवायचा तर तारीख कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून आमच्या बालवाडीत संकष्टीचा दिवस ठरला. सिद्धिविनायकाची रांग लांबली की आपोआप आठवण होते. प्रभादेवीत राहून संकष्टी विसरणं शक्यच नाही. त्या दिवशी खेळण्यांची टोपली सतरंजीवर उपडी करायची. उपवासाच्या दिवशी बायकांना वेळ असतो असं माझं म्हणणं नाही, खिचडी तर करावीच लागते. पण चंद्रोदयाची वाट बघताना हात रिकामे असतात. आणि हात फक्त बायकांनाच असतात असंही नाही. बाहुल्यांचे डोळे चिमटीत धरून ओढायचे. चाकं पिळायची. शिवणींत बोट घालून बघायचं. लाकडावरून कापसाचा बोळा फिरवायचा, जिथे धागा अडकेल तिथे कूस आहे. ती पॉलिशपेपरने घासायची. प्लास्टिक साबणाच्या पाण्याने धुवायचं, लाकूड फक्त ओल्या फडक्याने पुसायचं, भिजत घालायचं नाही. कापडी खेळणी उशीच्या अभ्र्यात बांधून धुवायची आणि आतपर्यंत वाळल्याशिवाय परत द्यायची नाहीत. खेळणी सांडलेल्या दुधात, शेंबडात, जमिनीवर लोळतात, तेव्हा रांगत्या मुलाची महिनाभर थांबू नयेत, आठवड्याला धुवावीत.

मोडलेल्याचं काय, हा प्रश्न दर बैठकीला निघतो. डिंकाने चिकटवलेलं चाक पुन्हा निघतंच आणि दुसऱ्यांदा निघतं तेव्हा कुणाचं लक्ष नसतं. दुरुस्त करायचं तर मूळच्यापेक्षा घट्ट, नाहीतर नाही. आणि एक गोष्ट जरा रागाने सांगते. बालवाडीत दर दिवाळीनंतर पिशव्या यायच्या: एक डोळा गेलेली बाहुली, झाकण नसलेली मोटार, दात उमटलेले, रंग उडालेले ठोकळे. ‘तुमच्या मुलांना होतील,’ असं म्हणून. आमच्या मुलांचे घसे वेगळ्या मापाचे नसतात. चांगली खेळणी वाटून खेळायची असतील तर त्याचीही रीत आहे. मुंबईत चिल्ड्रन टॉय फाउंडेशनने 1982 पासून खेळण्यांची ग्रंथालयं उभी केली आहेत. पुस्तकासारखं खेळणं घ्यावं, परत करावं, आणि परत आल्यावर कुणीतरी ते तपासावं.

घशात अडकलंच तर काय करायचं याची चित्रं शेवटच्या पानाआधी आहेत. ती भिंतीला लावावीत. एक वर्षाखालच्या बाळाला आपल्या हातावर पालथं, डोकं खाली करून दोन खांद्यांच्या मधे पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब. मोठ्या मुलाला मागून मिठी घालून बेंबीच्या वर आत-वर झटके. न दिसणाऱ्या वस्तूसाठी घशात बोट घालायचं नाही, ती आणखी खाली जाते. मूल खोकत असेल तर खोकू द्यावं. कुणीतरी त्याच वेळी 108 लावावा. परळला मुलांचं वाडिया हॉस्पिटल 1929 पासून आहे आणि के.ई.एम. शेजारीच, ही आपल्या भागाची नशिबाची बाजू. पण गोखले रोडवरची संध्याकाळची गर्दी कुणाच्या बाळासाठी थांबत नाही, म्हणून पहिली तीन-चार मिनिटं आपलीच.

ही पुस्तिका आमच्या बालवाडीतल्या आया, दोन आज्या आणि एक आजोबा यांनी मिळून लिहिली. भाषा त्यांची आहे, मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघितलं. शेवटच्या पानावर बारा रकाने कोरे सोडलेत, दर संकष्टीला टोपलीतून काय निघालं ते लिहायला. नमुना म्हणून पहिला रकाना मी माझ्या घरचा भरला. टोपलीतून निघालं ते असं: शर्टाची बटणं दोन, पेनाचं टोपण एक, मोटारीचं सुटं चाक एक, सुनेच्या कानातल्याची मळसूत्री फिरकी एक, मेलेला सेल एक. थोरल्या नातवाचा कॅरमही त्याच दिवशी मोजला. स्ट्रायकर आहे. काळ्या सोंगट्या नऊ, पांढऱ्या नऊ. राणी नाही. गादी झटकली, कपाट सरकवलं, सतरंजी दोनदा उलटी केली. धाकटी नात नऊ महिन्यांची आहे आणि कालपासून तिला चिमूट जमायला लागलीय. राणी सापडेपर्यंत तिला शेजारच्या वहिनींकडे ठेवलंय.